पाचवं घर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं धोंडीबा आयुष्यभर सांगत आले आणि स्वतः ती कधी न चढताच वारले. त्यांच्या मुलाला, सर्वेशला, मात्र नवरात्रातल्या शुक्रवारी सकाळी ती चढावी लागली. पाठीवर ऑफिसची सॅक, पायात ऑफिसचेच बूट, आणि कारण काय, तर आई भीक मागताना पकडली गेली.

गेटवरच्या हवालदाराला हे सांगताना त्याची जीभ अडखळली. "आईची केस आहे," एवढंच तो म्हणाला.

"कसली?"

"ते... भिक्षेकरी कायदा."

हवालदाराने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे एकदा पाहिलं आणि जिन्याकडे हात केला. त्या पाहण्यात काय होतं ते सर्वेशला लगेच कळलं. म्हातारीला रस्त्यावर बसवून पोरगा बूट घालून फिरतोय, असं त्यात होतं. परत मागे जाऊन त्या माणसाला सगळं समजावून सांगावं असं त्याला वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता.

झालं होतं ते असं. गेल्या नवरात्रात सर्वेशची मुलगी सान्वी डेंग्यूने मरता मरता वाचली. सहा वर्षांचं पोर. ठाण्याच्या हॉस्पिटलात काचेपलीकडे नळ्यांमध्ये पडलेलं, आणि डॉक्टर येऊन सांगत होते की वाट बघा. वाट बघणं म्हणजे काय असतं ते ज्याचं पोर आत असतं त्यालाच ठाऊक. त्या दिवशी सर्वेशची आई शेवंती उठली, चपला बाकड्याखाली ठेवल्या आणि अनवाणी टेंभी नाक्याच्या देवीकडे निघाली. जाताना म्हणाली, "नवस बोलून येते रे." एरवी नवसाबिवसाला हसणारा सर्वेश त्या क्षणी आईचा हात धरून म्हणाला होता, "बोल आई. काय पण बोल. माझ्या वतीनं पण बोल."

शेवंती बोलली ती अशी: पोर घरी येऊ दे, पुढच्या नवरात्रात तुझ्या पायाशी पाच घरचा जोगवा मागीन.

जोगवा म्हणजे देवीच्या नावाने मागायचं. घरात धान्याची पोती भरलेली असोत, परडी घेऊन पाच दारी उभं राहायचं, 'जोगवा वाढा' म्हणायचं, आणि परडीत जे पीठ-मीठ पडेल ते शिजवून प्रसाद म्हणून खायचं. पाटलीण असो की मोलकरीण, देवीपुढे सगळ्या मागणाऱ्याच. शेवंतीच्या आईने मागितला, आजीने मागितला, साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात जिने कधी मागितला नाही अशी बाई सापडायची नाही. आणि आपल्याकडे एक कायदा आहे. देश स्वतंत्र होऊन बारा वर्षं झाल्यावर, चांगली शिकलीसवरलेली माणसं एकत्र बसून त्यांनी तो केला. रस्त्यावर किंवा कुणाच्या दारात जाऊन काही मागितलं, किंवा कुणी दिलेलं घेतलं, की तो गुन्हा. गाणं म्हणून मागा, नाचून मागा, देवाचं नाव घेऊन मागा, गुन्हाच. शिक्षा कमीत कमी एक वर्ष बंदिस्त. ज्याला खायला नाही त्याला खायला देण्याचा कायदा व्हायला पुढे किती वर्षं लागली ते सोडा, पण त्याने हात पसरू नये याची तजवीज मात्र लवकर झाली.

सान्वी घरी आली. वर्ष गेलं. गुरुवारी शेवंती हळदीकुंकू लावलेली परडी घेऊन दिव्याच्या घरून लोकलने ठाण्याला आली, चपला पिशवीत टाकल्या आणि टेंभी नाक्याजवळच्या गल्लीत तीन घरी जोगवा मागितला. तिसऱ्या घराचा जिना उतरताना तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. ती फुटपाथवर टेकली. तिथे हेमा नावाची एक बाई लहान मुलीला घेऊन आधीच बसलेली होती, देवीच्या गर्दीकडे हात पसरून. शेवंतीने परडी पुढ्यात ठेवली आणि गुडघे चोळायला लागली. दर्शनाला चाललेल्या कुणीतरी हेमाच्या हातात दहाची नोट ठेवली आणि दुसरी शेवंतीच्या परडीत टाकली. आता इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ओ भाऊ, मी तशी नाही, म्हणून नोट परत दिली असती. शेवंतीने ती कपाळाला लावली. परडीत पडलेलं देवीचं असतं, ते नाकारायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक. नेमकं तेच रस्ता साफ करायला निघालेल्या पोलीस पथकाने पाहिलं. दोघींना आणि पोरीला गाडीत घातलं.

आता सर्वेशची गंमत ऐका. त्याला दुपारी फोन आला, तुमच्या आईला अटक झाली आहे. तो वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथे मागच्याच महिन्यात एका साहेबाला अशाच फोनवरून चांगलं लुबाडलं होतं. "माझी आई भीक मागते?" सर्वेश हसला. "दुसरा बकरा बघा." आणि त्याने फोन कापला. परत आला, परत कापला, मग नंबर ब्लॉक केला आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरांना तो किस्सा रंगवून सांगितला. संध्याकाळी आई घरी पोचली नाही तेव्हा त्याने तोच नंबर शोधून स्वतः फिरवला.

जिन्याच्या वर क्षिप्रा उभी होती. कुणाच्या तरी ओळखीतून रातोरात शोधलेली वकील, नौपाड्याची, वयाने सर्वेशहून लहान, पण चालणं-बोलणं घरातच तीन पिढ्या वकिली असल्यासारखं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "तुमच्या आईंनी एवढंच सांगायचं की मी मागत नव्हते, पाय दुखले म्हणून बसले होते. नोट कुणी टाकली मला माहीत नाही. दहा मिनिटांत घरी."

"आणि नाय सांगितलं तर?"

"का नाही सांगणार? खोटं थोडंच आहे ते?"

आईला तो ओळखत होता.

कोर्टात त्या दिवशी सगळीकडे हिरवं होतं. नवरात्राचा रंग. टायपिस्ट हिरव्या साडीत, दोन वकीलबाईंच्या काळ्या कोटाखालून हिरवे काठ डोकावत होते. बाकावर शेवंती बसलेली होती, कालच्याच पिवळ्या पातळात, केस विस्कटलेले, पाय अनवाणी. पिशवी जप्त, म्हणून चपलाही जप्त. तिच्या शेजारी हेमा, आणि हेमाच्या मांडीवर पोरगी झोपलेली. हेमाला बघून सर्वेशला वाटलं, हिला आपण कुठेतरी पाहिलंय. शीळफाट्याच्या सिग्नलला बहुतेक. तिथे बसच्या खिडकीशी अशा कितीतरी बायका येतात, आणि मोबाइलमधून मान वर न करता 'पुढे जा' म्हणायची त्याला सवय होती.

"जेवलीस का?" त्याने आईला विचारलं.

"त्या रचनाबाईनं दिलं." शेवंतीने दारातल्या महिला पोलिसाकडे हनुवटीने दाखवलं. "माझ्या परडीत वाढ म्हणलं तिला, चौथं घर समज. आधी नको म्हणाली. मग डब्यातला भात काढून वाढला. पोरगी चांगली हाय." आणि मग हलकेच, "एकच घर ऱ्हायलंय रे सर्वेश."

हाक आली. न्यायाधीश पन्नाशीचे होते, चेहरा थकलेला पण वाईट नाही. कपाळावर सकाळच्या पूजेचं कुंकू पुसट दिसत होतं. ते पाहून सर्वेशला धीर आला. हा माणूस समजून घेईल, असं त्याला मनापासून वाटलं.

"आजी, तुम्ही काल रस्त्यावर काही मागत होता का?"

क्षिप्राने शेवंतीकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"हो साहेब," शेवंती म्हणाली. "जोगवा मागत होते."

सर्वेशने डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. ते सरकारी वकिलाकडे वळले. "हा धार्मिक विधी आहे. तसं नोंदवून सोडता येईल?"

सरकारी वकील अवघडून उभा राहिला. त्यालाही यात काही गोडी नसावी. "सर, कायद्यात धर्माचा अपवाद नाही. रस्त्यावर परडी मांडलेली, नोट स्वीकारलेली, वर स्वतःची कबुली. पंचनामा आहे."

"हं." न्यायाधीश बराच वेळ कागद चाळत राहिले. त्यात काही सापडलं तर त्यांना हवंच होतं. "मग दुसरा मार्ग. आजी, ताकीद देऊन तुम्हाला सोडता येईल. तुम्ही बंधपत्र लिहून द्यायचं, की यापुढे कधीही, कुठेही भीक मागणार नाही. मुलगा जामीन राहील. लगेच घरी जा. वकीलबाई, जेवणाच्या सुट्टीनंतर सही घेऊन या."

तेवढ्यात हेमा बाकावरून उठली. "साहेब, मी पण देते सही. आत्ता देते."

"तुला जामीन कोण आहे?"

हेमाने आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं. नवरा शीळफाट्याच्या एका बांधकामावर पडून मेला होता, आणि गाव कुठल्या कुठे. ती खाली बसली. जिला सही करायची आहे तिच्यासाठी कुणी उभं राहणारं नाही, आणि जिच्यासाठी पोरगा सॅक घेऊन उभा आहे तिच्या मनात काय चाललंय ते देवीलाच माहीत.

बाहेरच्या बाकावर क्षिप्राने कागद पुढे केला. "आई, इथे. नाव लिहिता येतं ना?"

शेवंतीने पेन हातात घेतलं. "काय लिव्हलंय ते वाच."

"मी यापुढे कधीही कुणाकडे काहीही मागणार नाही, असं."

"आणि पाचवं घर?"

"अहो आई, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. सही करा, आणि संध्याकाळी शेजारणीच्या घरात जाऊन गुपचूप मागा. कोण बघायला येतंय?"

"म्हंजे सरकारला खोटं लिहून द्यायचं आणि देवीला चोरून मागायचं."

क्षिप्रा जरा चिडूनच म्हणाली, "मला काय हा कायदा आवडतो का आई? दिल्लीत हायकोर्टाने यातली कलमं रद्द केली. आपल्याकडे अजून चालू आहे."

"म्हणजे आई दिल्लीत असती तर चाललं असतं?" सर्वेशने विचारलं.

"जवळजवळ."

सर्वेश हसला. त्या हसण्याची त्यालाच भीती वाटली. तो आईसमोर उकिडवा बसला. "आई, ऐक ना. एक वर्ष आत ठेवतील गं. तिथे तुझ्या गोळ्या कोण देणार? तुझे गुडघे... आई, मी तुझ्या पाया पडतो. कर सही."

शेवंतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचंही मन आता हलत होतं, ते त्याला तिच्या बोटांतून कळलं. ती काही दगडाची नव्हती. रात्रभर लादीवर झोपली होती, घर आठवत होतं. तिने चष्मा नीट केला, कागद मांडीवर घेतला आणि 'शे' काढला.

तेवढ्यात फोन वाजला. सर्वेशची बायको, शिवानी. आवाज घाबरलेला. "अरे, सान्वीला ताप आलाय. शाळेतून फोन आलेला, मी घेऊन आले. अंग नुसतं भाजतंय. मला खूप भीती वाटतेय रे, मागच्या वर्षी पण असंच सुरू झालेलं. तू कधी येतोयस?"

आणि इथे सर्वेशने ती चूक केली. दुसऱ्या कुठल्या घरात ती चूक ठरली नसती. नातीला ताप म्हटल्यावर कुठलीही आजी दहा सह्या करून पळत सुटेल, असंच कुणालाही वाटेल. त्यालाही तसंच वाटलं. तो फोन हातात धरून म्हणाला, "आई, चल लवकर. सान्वीला ताप आलाय."

शेवंतीचं पेन थांबलं.

"कधी आला?"

"आत्ता. शाळेत. चल ना, सही कर, रिक्षाने जाऊ."

शेवंतीने पेनाचं टोपण लावलं. हळूच, नीट दाबून. कागद क्षिप्राच्या हातात परत दिला.

"मी नाय द्यायची सही."

"आई!"

"तुला कळंना का रे? मी इकडं 'मागणार न्हाई' म्हणून लिहायला घेतलं आणि तिकडं पोरीला ताप आला. ते पोर मागून घेतलेलं हाय सर्वेश. मागितलं म्हणून मिळालं. आता मी मागणार न्हाई असं लिहून देऊ? कुणाला लिहून देऊ? जिच्याकडं मागितलं ती बघतीय."

"आई, ताप हा ताप असतो! साथ चालूये! डास आहेत दिव्यात, पाणी साचतं, सगळ्यांना येतोय!"

"मग गेल्या साली मला का पाठवलंस? माझ्या वतीनं पण बोल म्हणालास. मी बोलले. तुझ्या वतीनं पण बोलले."

सर्वेश ओरडला, विनवण्या केल्या, एकदा तर कागद तिच्या हातात कोंबून तिचा अंगठा धरून दाबायला गेला. क्षिप्राने त्याचा हात बाजूला केला. लोक बघत होते. सर्वेश भिंतीला टेकून रडायला लागला. इतका लाचार तो हॉस्पिटलातही झाला नव्हता, कारण तिथे निदान शत्रू आजार होता. इथे कुणावर चिडायचं? न्यायाधीश बरा माणूस, सरकारी वकील बरा माणूस, पोलीसबाईने तर स्वतःच्या डब्यातलं वाढलेलं. सगळी माणसं चांगली, आणि आई चालली आत.

शेवंती त्याच्याजवळ आली. "तू जामीन ऱ्हाणार होतास ना माझ्यासाठी? मग हेमाला ऱ्हा. तिची पोर लहान हाय. तिला सही करायचीय."

"आई, आता हे नको," सर्वेश म्हणाला. "मला त्यांच्याशी काय करायचंय? ती उद्या परत हात पसरेल, आणि पोलीस माझ्या दारात येतील."

शेवंतीने परत विचारलं नाही.

सुट्टीनंतर न्यायाधीशांनी कागदाकडे पाहिलं. त्यावर अर्धवट 'शे' होता. "आजी, सही का नाही केली?"

शेवंती पिंजऱ्यात उभी राहिली. तिने कठड्याला धरलं. "साहेब, माझं एक घर ऱ्हायलंय. ते झाल्याबिगर मी मागणार न्हाई असं कसं लिहू?"

"मग ते झाल्यावर तरी लिहून द्याल का?"

"झाल्यावर देते. पण ते मागावंच लागंल ना आधी."

"आजी, मी मागायला परवानगी देऊ शकत नाही." ते कळवळून बोलत होते, यात शंका नाही. "कायदा मी केलेला नाही. माझ्या घरीही देवी बसते. पण इथे या खुर्चीत मला माझं घर नाही."

शेवंतीने ते ऐकलं. मग तिने कठडा सोडला, पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि पुढे पसरलं.

"घर कसं न्हाई साहेब? कुंकू लावून आलाय. तुमच्याच घरी मागते. जोगवा वाढा."

टायपिस्टची बोटं थांबली. दाराशी उभ्या रचनाने मान खाली घातली. पंखा तेवढा फिरत होता. सर्वेशला वाटलं, आता देईल. एक दाणा दे. खिशातलं एक नाणं दे, टेबलावरची खडीसाखर दे, काही दे, माणसा. त्याने स्वतः हात जोडले होते ते त्याला नंतर कळलं.

न्यायाधीशांचा हात टेबलावर जरासा पुढे सरकला. खरंच सरकला, सर्वेश पुढे कितीतरी दिवस ते शपथेवर सांगत होता. मग तो हात पेनाकडे गेला. त्यांनी मान खाली घातली आणि लिहीत राहिले. आदेश वाचताना त्यांनी शेवंतीकडे पाहिलं नाही. भरकोर्टात मागितलं, पुन्हा मागणार असं सांगितलं, बंधपत्राला नकार दिला, म्हणून एक वर्ष भिक्षेकरी गृहात. हेमालाही एक वर्ष, जामीन नाही म्हणून. मुलगी बालगृहात.

शेवंतीचा पदर अजून तसाच पसरलेला होता. रचनाने येऊन तो तिच्या खांद्यावर घातला.

क्षिप्रा म्हणत होती की अपील करू, उद्याच करू, हे टिकणार नाही. सर्वेशला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. खाली आवारात जाळीची गाडी उभी होती. आधी हेमाला चढवलं. तिच्या पोरीला बालगृहातून आलेल्या एका बाईने कडेवर घेतलं होतं, आणि ती पोर 'आई' म्हणून जे ओरडली ते पुढे दोन रस्ते ऐकू गेलं असेल. हेमा जाळीला तोंड लावून सर्वेशकडे बघत होती. त्याला तिच्याकडे बघवेना. एका सहीचा प्रश्न होता, आणि ती सही त्याच्या खिशातल्या पेनात होती.

शेवंतीला वर चढता येईना. सर्वेशने तिला उचलून चढवलं. केवढीशी झाली होती ती.

"पोरीला ओली पट्टी ठेव," ती म्हणाली. "आणि तोंडावरून मीठमोहरी उतरव. शिवानी करायची न्हाई, तू कर."

"हो आई."

"पाचवं ऱ्हायलं रे."

गाडी गेली. रचनाने मुद्देमालातली परडी आणून त्याच्या हातात दिली, सही घेतली. परडीत तीन घरचं पीठ होतं, चौथ्या घरचा सुकलेला भात होता. दहाची नोट पुरावा म्हणून फायलीत राहिली. पिशवीत आईच्या चपला होत्या.

शिवानीचा पुन्हा फोन आला. ताप एकशे दोन. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासा. "आई सुटल्या ना? तुम्ही निघालात ना?" सर्वेश म्हणाला, "निघालोय." आणि तो स्टेशनकडे न जाता टेंभी नाक्याकडे चालू लागला.

त्याचा विश्वास होता म्हणावं तर तो नव्हता. डास, साचलेलं पाणी, साथ, सगळं त्याला ठाऊक होतं. पण आई जाळीच्या गाडीत बसून गेली होती, पोर तापाने फणफणत होतं, आणि माणसाच्या हातात करण्यासारखं एवढं एकच उरलेलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्याच्या हातात तर परडी होती.

दिवे लागले होते. देवीच्या मांडवाकडे रांग वळसे घेत गेलेली, हिरव्या साड्या, ढोल, लाउडस्पीकरवर आरती. सर्वेश बाजूच्या गल्लीत शिरला. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि अनवाणी पहिल्या मजल्यावर गेला. लोखंडी जाळीचं दार. आत टीव्ही चालू. त्याने परडी पुढे धरली. आवाज काही केल्या निघेना. आयुष्यात तो कुणाच्या दारात असा उभा राहिलेला नव्हता. आई तीन घरी कशी उभी राहिली असेल, आणि हेमा रोज कशी राहत असेल, ते त्याला त्या अर्ध्या मिनिटात समजलं.

"जोगवा," तो म्हणाला. घसा खाकरला. "जोगवा वाढा."

आत सोफ्यावर त्याच्याच वयाचा एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसातून नुकताच आलेला, हातात मोबाइल. त्याने मान वर केली नाही.

"पुढे जा," तो म्हणाला.

शब्द तेच, सूरही तोच. सर्वेशला स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखं झालं. जाळीवर हात आपटावा, सगळं सांगावं, माझी आई कुठे गेली, माझी पोर कशी पडलीय, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण ज्याला मागायचं आहे त्याचं कोण ऐकतं?

तो पुढे गेला. पॅसेजच्या टोकाला दुसरं दार होतं. बेल वाजवायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने कोपराने दाबली. खिशात फोन वाजायला लागला, शिवानीचा असणार. दोन्ही हातांत परडी होती. त्याने तो वाजू दिला आणि बंद दाराला मोठ्याने हाक मारली.

"आई, जोगवा वाढ गं."